रक्ताचे रिपोर्ट आणि बेडसोर: इंदूरच्या मराठी घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

पेशंट एम.वाय.मध्ये (इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात) असो की सुदामानगरच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये, रिपोर्टचा फोटो संध्याकाळनंतर माझ्या मोबाइलवर येतोच. मी पॅथॉलॉजीचा डॉक्टर, त्यामुळे लाल अक्षरांत छापलेल्या आकड्यांचा अर्थ विचारायला लोक हक्काने येतात. त्यातही घरातले कुणी अंथरुणाला खिळले असेल आणि पाठीवर लाल चट्टा दिसला असेल, तर प्रश्नांची माळच लागते. तेच प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्या शब्दांत मांडले आहेत. उपचार काय करायचे ते मात्र पेशंटला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

१. बेडसोर म्हणजे नक्की काय? झोपून झोपून पाठ सोलवटते तेच ना?

सोलवटणे हा त्यातला दिसणारा भाग. खरा प्रकार आत घडतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी, चरबी आणि स्नायू चेपले जातात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबून बंद होतात आणि तेवढ्या भागाची उपासमार सुरू होते. त्यात पेशंट पलंगावरून खाली घसरत असेल, तर आतले थर एकमेकांवर ओढले जाऊन नुकसान आणखी वाढते. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, डोक्याची मागची बाजू या नेहमीच्या जागा. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याच्यात हे काही तासांतही सुरू होऊ शकते.

पायऱ्या चार आहेत. पहिलीत कातडी शाबूत असते, पण लाली दाबल्यावरही जात नाही. दुसरीत वरचा थर निघतो किंवा फोड येतो. तिसरीत जखम चरबीपर्यंत जाते आणि चौथीत स्नायू किंवा हाड दिसते. यांशिवाय दोन प्रकार वेगळे धरतात. एकात काळ्या-पिवळ्या मृत थरामुळे जखमेचा तळच दिसत नाही. दुसऱ्यात कातडी न फाटता आत जांभळा डाग दिसतो. या दुसऱ्या प्रकाराविषयी प्रश्न १२ आणि १३ मध्ये सविस्तर लिहिले आहे.

२. रक्त तपासून बेडसोर होणार की नाही ते आधीच कळते का?

नाही. अशी कोणतीही एक तपासणी नाही.

वॉर्डात धोका मोजायला सिस्टर जे तक्ते भरतात, त्यांतला सर्वांत प्रचलित ब्रेडन स्केल १९८७ सालचा. त्यात सहा गोष्टींना गुण देतात: दुखणे-खुपणे जाणवते का, कातडी ओली राहते का, पेशंट उठतो-बसतो का, जागच्या जागी हलतो का, खातो किती, आणि घसरण-घर्षण किती होते. एकूण गुण ६ ते २३ असतात. जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली आले की सावध व्हायचे. या सहांपैकी एकाही गोष्टीसाठी सुई टोचावी लागत नाही. वॉटरलो नावाच्या दुसऱ्या तक्त्यात हिमोग्लोबिन ८ च्या खाली असल्यास धोक्याचे गुण वाढवतात, पण रक्ताचा शिरकाव तेवढाच.

मग रिपोर्टचा उपयोग काय? जखम कुठे आणि केव्हा होईल हे रिपोर्ट सांगत नाही. दाब सहन करण्याची आणि झालेली जखम भरून काढण्याची शरीराची ताकद किती उरली आहे, याचा अंदाज त्यातून येतो. म्हणून रोज रिपोर्टचा फोटो पाठवणाऱ्या मंडळींना माझा पहिला प्रश्न असतो: आज आजींची पाठ कुणी बघितली का?

३. चार पानी रिपोर्ट हातात देतात. त्यातल्या कोणत्या ओळी बघायच्या?

या विषयापुरत्या पाच-सहा: हिमोग्लोबिन (प्रश्न ७), अल्ब्युमिन (प्रश्न ४), सीआरपी (शरीरात कुठे दाह, म्हणजे आतली सूज-जळजळ, असल्याची खूण, प्रश्न ८), शुगर आणि एचबीए१सी (शुगरची सरासरी, प्रश्न ९), युरिया-क्रिएटिनिन (किडनीचे आकडे, प्रश्न १०). सोडियमवरही नजर टाका. ते फार बिघडले की पेशंट गुंगीत जातो, आणि गुंगीतला माणूस हलत नाही. बाकी पानांवरच्या लाल अक्षरांचा बेडसोरशी बहुधा संबंध नसतो.

४. आईचे अल्ब्युमिन २.४ आले आहे. म्हणजे ती कुपोषित आहे का? आम्ही तर तिला सगळे खायला घालतो.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि त्यात अपराधीपणाही मिसळलेला असतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन. रक्तात त्याचे प्रमाण साधारण ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असते. कितीतरी वर्षे ते कमी आले की ‘पेशंट खात नाही’ असा सरळ अर्थ लावला जायचा. आता तसे मानत नाहीत. शरीरात जंतुसंसर्ग, मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, हाड मोडणे असे काही झाले की यकृत अल्ब्युमिनचे काम मागे ठेवते आणि सीआरपीसारखी दुसरी प्रथिने बनवायला लागते. शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून अल्ब्युमिन बाहेर झिरपते. म्हणून कालपर्यंत नीट जेवणाऱ्या माणसाचे अल्ब्युमिन न्यूमोनिया झाल्यावर दोन-तीन दिवसांत घसरते. अल्ब्युमिनचे रक्तातले अर्धे आयुष्य २० दिवसांच्या आसपास असते. दोन दिवस कमी खाल्ल्याने ते इतके खाली येणारच नाही.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. महिनोन्महिने कमी खाणाऱ्या, पण शरीरात कुठे दाह नसलेल्या माणसाचे अल्ब्युमिन बराच काळ नॉर्मल राहू शकते. हाडांचा सापळा झालेल्या आजोबांचा रिपोर्ट ३.८ बघून निर्धास्त होऊ नका.

मग २.४ चा अर्थ काय? आई खरोखर आजारी आहे आणि तिचा बेडसोरचा धोका वाढलेला आहे, असा. अल्ब्युमिन कमी असणाऱ्यांत बेडसोर जास्त आढळतात, हे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. पण ते कमी झाले म्हणून जखम झाली, असा सरळ कार्यकारणभाव त्यातून निघत नाही. ज्या आजाराने अल्ब्युमिन उतरते, तोच आजार माणसाला अंथरुणाला खिळवतो. अल्ब्युमिन उतरले की अंगावर सूजही चढते, आणि सुजलेली कातडी ताणलेली व नाजूक असते, एवढा भाग मात्र थेट लागू पडतो.

कुपोषण ओळखायचे तर वजन बघा. गेल्या तीन ते सहा महिन्यांत किती घटले, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, कानशिले आणि खांद्याची हाडे वर आली आहेत का, ताटातले निम्मे अन्न परत जाते का? ही माहिती घरच्यांकडेच असते आणि राउंडवर आलेल्या डॉक्टरांना ती कुणी सांगत नाही.

५. मग अल्ब्युमिनची बाटली चढवली तर जखम लवकर भरेल ना?

बेडसोर भरण्यासाठी किंवा पोषणासाठी अल्ब्युमिन शिरेतून देण्यात अर्थ नाही. दिलेले अल्ब्युमिन काही तास-दिवस आकडा वर नेते आणि मूळ आजार तसाच असेल तर पुन्हा झिरपून जाते. त्याचे उपयोग आहेत, पण वेगळे: सिरोसिसच्या (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) पेशंटच्या पोटातले पाणी मोठ्या प्रमाणात काढताना, यकृताच्या आजारातल्या काही गुंतागुंतींत, वगैरे. बाटली महाग असते. ती कशासाठी लिहिली आहे हे डॉक्टरांना अदबीने विचारण्यात काही गैर नाही.

६. अंड्याचा पांढरा भाग रोज द्या म्हणतात. आमच्याकडे अंडे चालत नाही. काय द्यावे?

अंडे दिल्याने अल्ब्युमिनचा आकडा चढेलच असे नाही, कारण प्रश्न ४ मध्ये आले आहे. पण कातडी आणि स्नायू दुरुस्त करायला प्रथिने लागतातच. बेडसोर असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या, पोषण कमी पडलेल्या पेशंटसाठी मार्गदर्शक सूचना दिवसाला दर किलो वजनामागे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि ३० ते ३५ कॅलरी सांगतात. ५० किलोच्या बाईंना म्हणजे साधारण ६२ ते ७५ ग्रॅम प्रथिने झाली.

आता आपल्याकडचा आजारपणाचा ठरलेला आहार बघा. सकाळी चार चमचे पोहे, दुपारी साबुदाण्याची खिचडी, रात्री मऊ भात आणि वर नारळपाणी. दिवसाअखेर वीस ग्रॅमही भरत नाहीत. शिवाय पेशंटने एकादशी धरलेली असते, ती वेगळीच!

अंड्याशिवाय हिशोब जमवायचा तर २०० मिली दुधात ६-७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ५ ते ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांमध्ये १५ ग्रॅम धरा. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदुरात, आजूबाजूचा माळवा सोयाबीनने भरलेला, आणि आपल्या घरांत सोयावडी अजून पाहुणीच. वड्या भिजवून, पिळून, वाटून वरणात घातल्या तर दात नसलेल्या आजोबांनाही चालतात. मुगाचे धिरडे, दुधात शिजवलेला दलिया, घट्ट दही हेही चांगले. गिळताना ठसका लागत असेल तर तोंडाने काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारा. किडनीच्या पेशंटनी आधी प्रश्न १० वाचावा.

७. हिमोग्लोबिन ८ आहे. रक्त चढवले तर बेडसोर टळेल का?

फक्त त्यासाठी रक्त चढवत नाहीत. पुरुषांत १३ आणि बायकांत १२ च्या खाली हिमोग्लोबिन गेले की ॲनिमिया म्हणतात. ऑक्सिजन वाहून नेणारेच कमी असतील, तर आधीच दाबलेल्या भागाला आणखी कमी मिळते, म्हणून धोका वाढतो हे खरे. पण स्थिर पेशंटला साधारणपणे ७ च्या खाली, आणि हृदयविकार असेल किंवा हाडाचे ऑपरेशन झाले असेल तर ८ च्या आसपास रक्त देण्याचा विचार होतो. रक्त देण्याचेही धोके असतात. वय झालेल्या हृदयावर भार येतो.

ॲनिमिया कशामुळे झाला ते शोधणे जास्त मोलाचे. इथे एक खाच आहे. लोह किती साठले आहे ते बघायला फेरिटिन करतात, पण दाह असताना फेरिटिन आपोआप चढते. मोठी जखम असलेल्या पेशंटचे फेरिटिन नॉर्मल आले तरी लोह कमी असू शकते. अशा वेळी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनची (लोह वाहून नेणारे प्रथिन कितपत भरलेले आहे त्याची) जोड घ्यावी लागते.

८. सीआरपी ९६! जखमेत पू झाला असेल का?

आधी एकक बघा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. मागच्या लॅबचे ९.६ आणि आताचे ९६ हे एकच असू शकतात. केवळ यामुळे घाबरून रात्री फोन केलेली घरे मी मोजायची सोडून दिली आहेत.

एकक जुळले तरी सीआरपी जागा सांगत नाही. छातीतला कफ, लघवीतला संसर्ग, नुकतेच झालेले ऑपरेशन, सलाईनच्या सुईजवळची सूज, कशानेही ते चढते. दाह सुरू झाल्यावर काही तासांत वाढू लागते, दोनेक दिवसांत शिखर गाठते आणि कारण दूर झाले की झपाट्याने उतरते. म्हणून एका आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांचा चढ-उतार बघावा. जखमेत संसर्ग आहे का ते जखम सांगते: भोवती पसरणारी लाली, गरमपणा, वाढते दुखणे, घाण वास, पू. स्वॅबविषयी, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेल्या जखमेच्या नमुन्याविषयी, प्रश्न १६ बघा.

अल्ब्युमिनच्या रिपोर्टसोबत त्याच दिवशीचे सीआरपी असेल तर वाचायला फार सोपे जाते. सीआरपी उतरत असताना अल्ब्युमिन हळूहळू वर येत असेल, तर गाडी रुळावर येते आहे.

९. बाबांना शुगर आहे. एचबीए१सी ६.८ आहे म्हणजे जखम भरायला अडचण नाही, बरोबर ना?

एचबीए१सी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी. दवाखान्यात भरती झाल्यावर संसर्ग, ताण आणि स्टेरॉइडमुळे शुगर रोज ३०० च्या वर जात असेल, तर त्या ६.८ ला बिलगून राहून फायदा नाही. भरती असताना बहुतेक पेशंटमध्ये शुगर १४० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो.

शिवाय नुकतेच रक्त चढवले असेल, फार ॲनिमिया असेल, डायलिसिस चालू असेल किंवा सिकल सेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर एचबीए१सीचा आकडा फसवतो. आणि जुन्या शुगरने पायांची संवेदना गेली असेल, तर टाच दुखते असे बाबा कधीच म्हणणार नाहीत. मोजे काढून टाचा रोज बघायच्या.

१०. क्रिएटिनिन वाढलेले आहे. प्रथिने द्यायची की बंद करायची?

स्वतःच्या मनाने दोन्ही करू नका. डायलिसिस न घेणाऱ्या किडनीच्या पेशंटला एरवी प्रथिने आवरती घ्यायला सांगतात, पण डायलिसिस सुरू झाला की गरज उलट वाढते. बेडसोर झाला असेल तर गणित पुन्हा बदलते. किडनीचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळूनच ते सोडवावे.

युरिया चढलेला आणि क्रिएटिनिन मात्र जवळपास ठीक, असे दिसले तर पेशंटच्या पोटात पाणी कमी जाते आहे का ते विचारा. मे महिन्यातल्या इंदुरात हे सर्रास दिसते. पोटातल्या रक्तस्रावाने किंवा स्टेरॉइडनेही युरिया वाढतो, म्हणून डॉक्टरांना दाखवाच.

११. सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, तरी जखम झाली. हे कसे?

कारण मुळात दाब लागतो. मोटारसायकलवरून पडून मणका दुखावलेला पंचवीस वर्षांचा मुलगा घ्या. हिमोग्लोबिन १५, अल्ब्युमिन ४.५, पण कमरेखाली काही जाणवत नाही आणि हलताही येत नाही. धोका प्रचंड. खुब्याचे हाड मोडलेल्या आजी ऑपरेशनची वाट बघत एकाच कुशीवर पडून असतात, त्यांचेही तसेच. लांबलेल्या ऑपरेशनच्या टेबलावरही हे घडते.

उपकरणांनीही जखमा होतात: ऑक्सिजनच्या नळीने कानामागे, मास्कने नाकाच्या दांड्यावर, नाकातल्या नळीने नाकपुडीला, लघवीच्या नळीने मांडीला, प्लास्टरच्या कडेने घोट्याला. तिथे रक्ताचा रिपोर्ट काहीही सांगणार नाही. नळीखाली बोट घालूनच बघावे लागते.

१२. आमचा वर्ण सावळा. लाली दिसतच नाही, मग ओळखायचे कसे?

गोऱ्या कातडीवर बोट तीन सेकंद दाबून सोडतात. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्तप्रवाह शाबूत आहे. पांढरी झालीच नाही तर पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीत हा खेळ दिसत नाही. तिथे शेजारच्या भागाशी तुलना करा: रंग जास्त गडद, जांभळट किंवा राखाडी वाटतो का, हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर गरम किंवा गार लागतो का, कडक किंवा पिचपिचीत वाटतो का, पेशंट तिथे हात लावू देतो का? उजेड चांगला हवा. मोबाइलच्या टॉर्चपेक्षा खिडकीजवळचा उजेड बरा.

१३. भरती केले तेव्हा पाठ स्वच्छ होती. तिसऱ्या दिवशी जांभळा डाग. हॉस्पिटलची चूक?

असेलही, नसेलही. खोलवर झालेली इजा कातडीवर दिसायला बऱ्याचदा दोन ते तीन दिवस लागतात. आजोबा बाथरूममध्ये पडून रात्रभर फरशीवर राहिले असतील, किंवा खरगोनहून इंदूरपर्यंत कडक स्ट्रेचरवर आले असतील, तर इजा तिथेच झालेली असू शकते.

अशा पेशंटमध्ये एक रक्त तपासणी खरेच कामाची असते: सीपीके. बराच वेळ एका अंगावर पडून स्नायू चेपले की त्यांतले हे एन्झाइम रक्तात येते. ते हजारांमध्ये गेले असेल तर किडनीला धोका असतो, म्हणून डॉक्टर सलाईन वाढवतात. त्याच वेळी पेशंट ज्या अंगावर पडला होता, ते अंग पुढचे तीन दिवस दर वेळी कूस बदलताना बघायला हवे.

वाद टाळायचा तर भरतीच्या दिवशीच सिस्टरसोबत पाठ, खुबे आणि टाचा बघून घ्या आणि त्याची केसपेपरवर नोंद करायला सांगा.

१४. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हा काळानिळा डाग त्या गोळीचा की बेडसोरचा?

आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) किंवा प्लेटलेटच्या आकड्यावरून याचे उत्तर मिळत नाही. जागा बघा. डाग बरोबर हाडाच्या उंचवट्यावर असेल, दाबल्यावर फिका पडत नसेल, खाली कडक किंवा लिबलिबीत लागत असेल, तर तो दाबाचाच समजून तिथला भार लगेच काढा. दंडावर, पोटावर, सुई टोचलेल्या जागी असेल तर गोळीचा असण्याची शक्यता जास्त. शंका असेल तर भार काढायचाच. त्यात नुकसान काही नाही.

१५. एका लॅबमध्ये अल्ब्युमिन ३.१, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे २.६. कुणाचे खरे?

दोन्ही खरे असू शकतात. अल्ब्युमिन मोजायच्या रंगद्रव्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, बीसीजी आणि बीसीपी. बीसीजीने आकडा थोडा जास्त येतो, आणि विशेषतः खालच्या पातळीवर हा फरक जाणवतो. रिपोर्टवर पद्धत बारीक अक्षरांत छापलेली असते. चढ-उतार बघायचा असेल तर तपासण्या एकाच लॅबमधून करा.

नमुना कसा घेतला यावरही अवलंबून असते. सलाईन चालू असलेल्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त काढले तर ते पातळ होऊन येते. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन खोटे कमी, आणि डेक्स्ट्रोज (साखरेचे सलाईन) चालू असेल तर शुगर पाचशे! दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर प्रथिने उलट जास्त दिसतात. रात्रभर दोन-तीन बाटल्या सलाईन गेल्यावर सकाळी सगळेच आकडे थोडे उतरतात, आणि त्याला कुणाची चूक कारण नसते.

१६. जखमेचा स्वॅब पाठवला, त्यात तीन-तीन जंतू आले. अँटिबायोटिक सुरू करायचे ना?

उघड्या जखमेच्या पृष्ठभागावर जंतू असतातच. माकडहाडाजवळच्या जखमेवर तर आतड्यांतले असणारच. नुसत्या स्वॅबवरून औषध देत नाहीत. प्रश्न ८ मधली संसर्गाची लक्षणे किंवा ताप असेल तरच त्याला अर्थ येतो, आणि तेव्हाही जखम धुऊन आतल्या जिवंत भागाचा तुकडा तपासणे जास्त भरवशाचे. जखम हाडापर्यंत गेली असेल, आठवड्यानुआठवडे भरत नसेल आणि ईएसआर (दाह दाखवणारी दुसरी तपासणी) आणि सीआरपी चढेच राहात असेल, तर हाडात संसर्ग गेला आहे का याचा शोध एमआरआयने घेतात. खात्री हाडाच्या तुकड्याच्या तपासणीने होते.

१७. नेटवर वाचले की एनएलआर, प्रीअल्ब्युमिन, झिंक यांवरून धोका कळतो. करून घेऊ का?

एनएलआरसाठी वेगळे पैसे देऊ नका. सीबीसीमधल्या (रक्तपेशींच्या मोजणीतल्या) न्यूट्रोफिलच्या टक्क्यांना लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी (या दोन्ही पांढऱ्या पेशी) भागले की झाला. न्यूट्रोफिल ८४ आणि लिम्फोसाइट १२ असतील तर ७. आकडा वाढला म्हणजे शरीर तणावात आहे, पण स्टेरॉइड दिल्यावरही तो वाढतो. बेडसोरसाठी सर्वमान्य अशी रेषा ठरलेली नाही. सीआरपीला अल्ब्युमिनने भागून काढतात त्या गुणोत्तराचेही तेच.

प्रीअल्ब्युमिन हेही यकृतात बनणारे प्रथिन. त्याचे अर्धे आयुष्य दोन-तीन दिवसांचे, म्हणून ते ‘ताजे’ समजायचे. पण दाह असला की तेही घसरते आणि अर्थ लावताना अल्ब्युमिनसारखीच अडचण येते. झिंकही आजारपणात रक्तात कमीच दिसते. कमतरतेची ठोस शंका असेल तर डॉक्टर औषध देतील. उगाच महिनोन्महिने जास्त झिंक घेतल्याने तांबे कमी होऊन ॲनिमियाच होऊ शकतो. माझे मत विचाराल तर तेच पैसे चांगल्या फोमच्या गादीत घाला.

१८. मी वॉर्डात सिस्टर आहे. झाबुआकडच्या तरुण पेशंटच्या घोट्यावर जुनी जखम आहे, हिमोग्लोबिन ७. बेडसोर म्हणून नोंद करू?

घाई करू नका. झाबुआ-अलीराजपूर पट्ट्यात सिकल सेल बरेच आढळते, आणि त्या आजारात घोट्याभोवती, विशेषतः आतल्या बाजूला, चिवट जखमा होतात. पेशंट चालता-फिरता असेल तर दाब हे कारण बसत नाही. सिकलची तपासणी झाली आहे का ते बघा. सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ साली मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाले, त्यामुळे अनेकांकडे तपासणीचे कार्डही असते. पण तोच पेशंट आजारी पडून आठवडाभर झोपून असेल, तर त्याच्या टाचा आणि माकडहाड स्वतंत्रपणे बघावेच लागतील. शिरांच्या आजाराच्या जखमा आणि सतत ओल्या लंगोटाने सोलवटलेली मांडीची घडी याही बेडसोरमध्ये मोजू नयेत.

१९. सिरोसिस आहे, अल्ब्युमिन वर्षभर २.५ च आहे. हा धोका कायमचा?

इथे यकृतच कमी बनवते, आणि किडनीच्या काही आजारांत अल्ब्युमिन लघवीतून वाहून जाते. अशांत आकडा वर नेण्याच्या मागे न लागता सूज कुठे आहे ते बघायचे. पाठीखाली आणि मांड्यांमागे पाणी साठलेले असेल तर तिथली कातडी थोड्या दाबानेही तुटते. मीठ कमी, पण प्रथिने कमी नाहीत, हे यकृताच्या पेशंटच्या घरी वारंवार सांगावे लागते.

२०. आयसीयूत बीपीसाठी पंप लावला आहे. लॅक्टेट वाढले म्हणतात. याचा पाठीशी संबंध?

आहे. बीपी टिकवायच्या औषधाने कातडीकडचा रक्तप्रवाह आवळला जातो, आणि वाढलेले लॅक्टेट बहुधा पेशींना ऑक्सिजन पुरत नसल्याचे लक्षण असते. ही आयसीयूतली सर्वांत धोक्याची अवस्था, आणि नेमके याच वेळी पेशंटला हलवायला सगळे बिचकतात. पूर्ण कूस जमत नसेल तर थोडेसे कलते करणे, टाचा अधांतरी ठेवणे, डोक्याची बाजू बदलणे एवढे तरी होते. ते केव्हा करायचे, हे तिथल्या सिस्टरना ठरवू द्या.

२१. हवेची गादी आणली, रिपोर्टही सुधारले. आता रात्री उठवून कूस बदलायची गरज आहे का?

आहे. हवेची गादी दाब कमी करते, पूर्ण काढत नाही. आणि वीज गेली किंवा नळी निघाली की ती साधी चादर होते. दर दोन तासांनी कूस हा जुना नियम. आता पेशंट आणि गादी बघून वेळ ठरवतात, पण ठरवलेली वेळ रात्रीही पाळायची असते. एका कुशीवर साधारण ३० अंश कलते ठेवा, थेट खुब्यावर नको. डोक्याकडचा पलंग शक्यतो ३० अंशांपेक्षा जास्त वर नको, जेवताना आणि नळीने अन्न देताना व नंतर मात्र डॉक्टर सांगतील तेवढा. पिंढरीखाली उशी देऊन टाच हवेत ठेवा.

पाण्याने भरलेले रबरी हातमोजे टाचेखाली आणि ट्यूबसारखी रिंग कमरेखाली ठेवण्याची पद्धत अजून दिसते. दोन्ही बंद करा, कडेला दाब वाढतो. लाल जागेवर स्पिरिट आणि पावडर लावून चोळणे तर जुन्या वळणाच्या आत्याबाई हटकून करतात. आतल्या दुखावलेल्या वाहिन्या चोळण्याने आणखी तुटतात. हात जोडून थांबवा.

२२. सुट्टी होऊन घरी आणले. आता रक्त किती दिवसांनी तपासायचे?

पेशंट खात असेल, ताप नसेल आणि जखम आकसत असेल, तर दर आठवड्याला सुया टोचण्यात फायदा नाही. बहुतेकांना महिन्याभराने हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि गरजेप्रमाणे अल्ब्युमिन-सीआरपी पुरते. शुगर मात्र घरच्या मशीनवर डॉक्टर सांगतील तशी बघा. आयुष्मान कार्डावर उपचार झाले असतील तर सुट्टीनंतर १५ दिवसांपर्यंतची संबंधित औषधे आणि तपासण्या योजनेत बसतात. निघतानाच काउंटरवर विचारून घ्या. ७० वर्षे आणि त्यापुढच्या सर्वांना आता उत्पन्न न बघता हे कार्ड मिळते.

तारीख ठरलेली नसतानाही दवाखाना गाठावा अशा गोष्टी: थंडी वाजून ताप, पेशंट अचानक बरळू लागणे किंवा सुस्त होणे, जखमेला सडका वास, भोवतीची कातडी दाबल्यावर कुरकुर लागणे, जखमेत हाड दिसणे. यात रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका, नमुना तिथेच घेतील. सोबत जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने न्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटेही. जखमेचा आठवड्यातून एकदा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो असेल तर तो दाखवा. तो डॉक्टरांना अल्ब्युमिनपेक्षा जास्त उपयोगी पडेल.